सोनोग्राफीच्या आधी मान बघा

(नागपुरात धरमपेठेतल्या एका महिला मंडळात पालक आणि मुलींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप.)

नमस्कार. मागच्या रांगेत लपलेल्या मुलींनी पुढे यावं, विषय तुमचा आहे. आयांनी मागे सरकलं तरी चालेल.

पंधरा-सोळा वर्षांची मुलगी दवाखान्यात येते तेव्हा तिच्याआधी टेबलावर तिची फाइल येते, आणि फाइलमध्ये सगळ्यात वर सोनोग्राफी. ‘दोन्ही अंडाशयांत गाठी.’ घरातल्यांची तेवढ्यानं झोप उडालेली असते. मी तो कागद बाजूला ठेवते, कारण या वयात पीसीओएसच्या, म्हणजे पाळी आणि संप्रेरकांचा ताल बिघडवणाऱ्या आजाराच्या, निदानासाठी त्याचा उपयोग नाही. 2023 सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना हेच सांगतात: पाळी सुरू होऊन आठ वर्षं होईपर्यंत सोनोग्राफीवरून निदान करू नका, एएमएच या अंडाशयातल्या संप्रेरकाच्या रक्ततपासणीवरूनही नको. ज्यांना गाठी म्हणतात ते असतात अर्धवट वाढलेले बीजकोश, आणि वयात येणाऱ्या ठणठणीत मुलींमध्येही ते भरपूर दिसतात.

मग निदान कशावर? मुलींमध्ये दोन गोष्टी लागतात, आणि दोन्ही लागतात. एक, पाळीची अनियमितता. दुसरी, पुरुषी संप्रेरकं वाढल्याची खूण: हनुवटीवर-पोटावर जाड केस, औषधांना दाद न देणारी मुरुमं किंवा रक्तात वाढलेलं टेस्टोस्टेरॉन. शिवाय थायरॉइड, प्रोलॅक्टिन अशा दुसऱ्या संप्रेरकांची गडबड हे कारण नाही ना, हे आधी बघायचं. अनियमित कशाला म्हणायचं यावर घराघरांत वाद असतो, म्हणून आकडे देते. पाळी सुरू झाल्यानंतरचं पहिलं वर्ष सोडून द्या, तेव्हा गडबड असतेच. पुढची दोन वर्षं 21 दिवसांच्या आत किंवा 45 दिवसांच्या पुढे पाळी येत असेल तर ती अनियमित, आणि तीन वर्षांनंतर 45 च्या जागी 35 धरा. पहिलं वर्ष उलटल्यावर एकदा जरी 90 दिवसांहून मोठा खंड पडला तरी दाखवायला या. दोनपैकी एकच गोष्ट असेल तर ‘धोका आहे, लक्ष ठेवू’ एवढंच म्हणायचं. पोरीवर शिक्का मारायची घाई कशाला?

सगळ्यांची नजर अंडाशयाकडे जाते त्याला इतिहास आहे. 1935 साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी सात स्त्रियांचं वर्णन केलं. पाळी चुकलेली, अंगावर केस, अंडाशयं मोठी. शस्त्रक्रियेत डोळ्यांना दिसलं ते अंडाशय, म्हणून आजार तिथलाच ठरला. इन्सुलिनचा, म्हणजे रक्तातली साखर पेशींत पोचवणाऱ्या संप्रेरकाचा, संबंध लक्षात यायला पुढे कित्येक दशकं लागली, आणि मला आज बोलायचंय ते त्याच्याबद्दल.

वयात येताना प्रत्येकच मुलीचं शरीर इन्सुलिनला थोडं कमी दाद देतं. वाढीच्या संप्रेरकांमुळे हे होतं आणि पुढे बहुतेकींचं सुधारतं. पीसीओएसकडे कल असलेल्या मुलीत ते टिकतं, वाढतं. स्नायू आणि यकृत ऐकेनासे झाले की स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं. अडचण अशी की अंडाशय मात्र बहिरं झालेलं नसतं. आजोबांना ऐकू येत नाही म्हणून टीव्हीचा आवाज वाढवत नेला, की शेजारी बसलेल्या नातीचे कान किटतात, तसं. वाढलेल्या इन्सुलिनमुळे अंडाशय जास्त टेस्टोस्टेरॉन बनवतं. त्याच वेळी यकृत हे टेस्टोस्टेरॉन बांधून ठेवणारं प्रथिन कमी बनवू लागतं, म्हणजे मोकळं टेस्टोस्टेरॉन आणखी वाढतं.

या साखळीत आणखी एक कडी आहे, दाह, म्हणजे शरीरातली सूज. पायाला लागलं की लाल होतं, सुजतं, दुखतं, तो उघड दाह. मी म्हणतेय तो ना दिसतो, ना दुखतो. पोटाच्या आतल्या चरबीत रक्तातल्या पांढऱ्या पेशी ठाण मांडून बसतात. तिथून आयएल-6, टीएनएफ अशी दाह वाढवणारी रसायनं रक्तात उतरतात आणि त्यांच्या सांगण्यावरून यकृत सीआरपी हे दाहाची खूण असलेलं प्रथिन बनवतं. हीच रसायनं पेशीत इन्सुलिनच्या निरोपाची वाट अडवतात. निरोप अडला की इन्सुलिन वाढतं, इन्सुलिननं पुरुषी संप्रेरकं वाढतात, आणि त्यांच्यामुळे चरबी पुन्हा पोटावरच येते. पीसीओएस असलेल्या बारीक स्त्रियांनाही ग्लुकोजचं पाणी पाजल्यावर त्यांच्या पांढऱ्या पेशी चवताळतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. मोठ्या स्त्रियांत सीआरपी वाढलेलं असतं याला चांगला आधार आहे. मुलींमधले निष्कर्ष इतके एकसारखे नाहीत. वजन आणि पोटाची चरबी हिशोबात धरली की फरक बराच कमी होतो.

म्हणून पोरीचं सीआरपी तपासत बसू नका. सर्दी, टॉन्सिल, डेंग्यू, काहीही झालं तरी ते वाढतं. पाळीसाठी संप्रेरकांच्या गोळ्या चालू असतील तर त्यांनीही वाढतं. मग आई तो आकडा घेऊन घाबरत येते आणि मला तासभर समजूत घालावी लागते. आणि दाह कमी करणाऱ्या म्हणून मोबाइलवर विकतात त्या पावडरींचे पैसे वाचवा.

त्यापेक्षा मान बघा. मानेच्या मागे, काखेत कातडी काळसर, जाड, मखमली झाली आहे का? घरोघरी तिला मळ समजून दगडानं, लिंबानं घासतात, वर पोरीला घाणेरडी म्हणतात. तो मळ नव्हे. वाढलेल्या इन्सुलिनची ती खूण आहे, आणि घासून जाणार नाही.

आता ‘मॅडम, पोट्टी तर काडीसारखी आहे, तिला काऊन साखर होईल?’ याबद्दल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, सारखाच होता, 22.3. तरी अंगातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. 2004 साली हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. आपण भारतीय असे, कपड्यांत बारीक दिसणारे. त्यामुळे वजनकाट्यावर विसंबू नका, कमरेला टेप लावा. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवा. रक्तदाब मोजा, रक्तातल्या चरबीची तपासणी करा. आणि साखर.

साखरेवर थोडी थांबते, कारण इथे विदर्भातली भानगड आहे. ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणजे एचबीए1सी सोयीचं वाटतं, उपाशी राहावं लागत नाही. पण ते मोजतात हिमोग्लोबिनवर. आपल्याकडे सिकलसेल हा हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार किती आहे हे मी सांगायला नको, आणि मुलींमध्ये लोह कमी असणं तर घरोघरचं. सिकलसेलमध्ये हा आकडा खोटा कमी येऊ शकतो, लोहाच्या कमतरतेत खोटा जास्त. पीसीओएसमध्ये तसंही उपाशीपोटीची साखर कितीदा ठीक असते आणि ग्लुकोज पाजून दोन तासांनी घेतलेली बिघडलेली असते. तेव्हा दोन तासांचीच चाचणी करा. 140 ते 199 आली तर ती मधुमेहाच्या आधीची पायरी.

उपायांत मी सगळ्यात वर ठेवते स्नायूंचं काम. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता साखर ओढून घेतो, त्यामुळे वजन तसूभर न उतरताही फायदा होतो. दिवसाला तासभर अंग हलायला हवं. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत अंबाझरीला फिरायला जा म्हणणारा डॉक्टर नागपूरचा नव्हे; घरात उठाबशा, दोरीच्या उड्या, जिने चालतील. तर्री-पोह्यांवर माझा राग नाही. तर्रीतले चणे कामाचेच आहेत. वरचा शेव-चिवडा आणि सोबतची थंड बाटली तेवढी सोडा. संत्रं सोलून खा, रस नको. क्लासहून रात्री नऊला येऊन दहाला जेवणं आणि एकपर्यंत जागणं यानंही इन्सुलिन बिघडतं. तेव्हा वेळापत्रक आईबापांनी बदलावं, एकट्या पोरीला दोष देऊ नये. वजनावरून टोमणे मारू नका. या मुलींमध्ये उदासी आणि चिंता आधीच जास्त असते, त्याचीही विचारपूस करा. मेटफॉर्मिन हे इन्सुलिनचं काम सुधारणारं औषध किंवा संप्रेरकांच्या गोळ्या लागल्या तर घ्याव्यात. गोळ्यांनी पुढे मूल होत नाही ही अफवा आहे.

दोन चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिली: ‘हे कायमचं बरं होतं का?’ कल राहतो, पण त्रास ताब्यात राहतो, आणि बहुतेकींना मूलही होतं, काहींना थोडी मदत लागते. दुसरी चिठ्ठी दोन तासांच्या चाचणीची तयारी विचारते. रात्री आठ ते दहा तास उपाशी, पाणी चालेल. आधीचे तीन दिवस भात-भाकर नेहमीसारखी खाऊ द्या. उपास किंवा डाएटमुळे जेवण तुटलेलं असेल तर आकडा खोटाच वाढतो, म्हणून नवरात्राचे उपास सुटले की दुसऱ्याच सकाळी लॅबमध्ये नेऊ नका, चार दिवस जाऊ द्या.