डेबियनची मतमोजणी: कोणालाही पडताळता येईल अशी

(दृश्य: पडद्यावर वर सरकत जाणारी टॅली शीट)

ही टॅली शीट, म्हणजे दिलेल्या मतांची यादी, साधी टेक्स्ट फाइल आहे. एक ओळ म्हणजे एक मत. आकडा म्हणजे त्या पर्यायाचा पसंतीक्रम. जिथे आडवी रेघ आहे, त्या पर्यायाला मतदाराने क्रमच दिलेला नाही. डेबियन हा मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम बनवणारा स्वयंसेवकांचा प्रकल्प. त्यात ठरावावरचं मतदान आटोपलं की ही फाइल सगळ्यांसाठी खुली होते. डेबियनचा सभासद नसलात तरी ती उतरवून घेऊन मतं स्वतः मोजता येतात.

डेबियन १९९३ पासून चालू आहे. त्याच्यावर कुठल्याही कंपनीची मालकी नाही, आणि कारभार १९९८ पासून लिखित घटनेनुसार चालतो. कोणीही डेव्हलपर ठराव मांडू शकतो, मात्र त्याला आणखी पाच डेव्हलपरांचं अनुमोदन लागतं. चर्चेत इतरांचे पर्यायी मसुदे पुढे येतात आणि अनुमोदन मिळालं की तेही त्याच मतपत्रिकेवर चढतात.

(दृश्य: टर्मिनलमध्ये भरली जाणारी मतपत्रिका)

मत ईमेलने जातं. चौकोनांत १, २, ३ असे क्रम भरायचे, आपल्या पीजीपी कीने, म्हणजे स्वतःकडच्या गुप्त डिजिटल किल्लीने, सही करायची आणि पाठवून द्यायचं. मुदत संपेपर्यंत मत बदलता येतं. शेवटचं आलेलं मत धरलं जातं. गडबड होते ती बहुधा सहीत. मेल प्रोग्रामने ओळी मोडल्या, तर मजकूर सहीशी जुळत नाही आणि मत परत येतं. कीची मुदत उलटली असेल तरी तेच. मुदत वाढवून घ्यायची तर ती आधीच, कारण डेबियनचा की-संच, म्हणजे मान्य कींचा संग्रह, साधारण महिन्यातून एकदाच अद्ययावत होतो.

(दृश्य: आकड्यांचा तक्ता, एकेका चौकोनावर थांबत)

हा तक्ता नीट पाहा. २०१९ मध्ये इनिट सिस्टिमच्या, म्हणजे संगणक चालू होताना बाकीचे प्रोग्राम सुरू करणाऱ्या प्रणालीच्या, वादावर मतदान झालं. मतपत्रिकेवर सात प्रस्ताव होते आणि आठवा पर्याय पुढील चर्चेचा. प्रत्येक पर्यायाची इतर प्रत्येकाशी स्वतंत्र लढत लागते, म्हणजे आठ पर्यायांच्या २८ लढती. या चौकोनातला आकडा सांगतो की डावीकडचा पर्याय वरच्या पर्यायापेक्षा किती जणांनी पुढे ठेवला. त्यामुळे एकाच विचाराचे दोन मसुदे उभे राहिले, तरी मतं फुटून तिसऱ्याचं फावत नाही. शिवाय प्रत्येक प्रस्तावाला त्या आठव्या पर्यायालाही हरवावंच लागतं. निकाल लागला: सिस्टमडी या इनिट सिस्टिमवर भर, पर्याय शोधायला मुभा.

२०२२ पर्यंत ठरावांच्या टॅली शीटवर मतासमोर मतदाराचं नाव असे. २०२१ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे जनक रिचर्ड स्टॉलमन यांच्याबद्दलच्या ठरावावर मतदान झालं, तेव्हा नावानिशी मत द्यायला अनेक डेव्हलपरांना संकोच वाटला. पुढच्याच वर्षी ठरावानेच नियम बदलला आणि नावाच्या जागी हॅश आला, म्हणजे गणिताने काढलेली, उलटी उलगडता न येणारी अक्षरांची ओळ. प्रकल्पाच्या नेत्याच्या निवडणुकीत ही पद्धत आधीपासूनच होती.

(दृश्य: हॅशची एक ओळ, अगदी जवळून)

मत पोचल्याच्या पावतीसोबत मतदाराला एक गुप्त खूण मिळते. ती खूण आणि आपलं नाव यांवरून हॅश काढायचा आणि फाइलमध्ये शोधायचा. समोर आपलाच पसंतीक्रम दिसला, म्हणजे मत जसंच्या तसं धरलं गेलं. मत कोणी-कोणी दिलं त्यांची यादी वेगळी लागते. तिच्यातली नावं आणि इथल्या ओळी सारख्याच भरल्या पाहिजेत, म्हणजे जास्तीची मतं घुसवायला वाव राहत नाही. कोणाचं मत काय, हे मतदान घेणाऱ्या प्रकल्प-सचिवाला मात्र कळू शकतं. तेवढा विश्वास या पद्धतीत ठेवावाच लागतो.

(दृश्य: लॅपटॉपवर चालू असलेलं इन्स्टॉलेशन)

२०२२ च्या शरदात याच पद्धतीने फर्मवेअरचा प्रश्न सुटला: वायफायसारखे भाग चालवणारं, पण मुक्त नसलेलं हे सॉफ्टवेअर इन्स्टॉलरमध्ये द्यायचं का? त्यासाठी सामाजिक करारात, म्हणजे डेबियनने वापरकर्त्यांना दिलेल्या लिखित वचनांत, दुरुस्ती हवी होती, म्हणून साधं नव्हे, तीनास एक बहुमत लागलं. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ च्या इन्स्टॉलरमध्ये वायफायचं फर्मवेअर सोबतच होतं.