उठला आहे, उठला असेल, उठला असता: इटालियनची ‘सी’वाली क्रियापदं मराठीतून

नमस्कार मंडळी. तुमच्यातले बरेच जण सप्टेंबरात इटलीला जाणार, कुणी मिलान, कुणी तोरिनो, कुणी बोलोन्या, आणि मला सगळ्यांचा एकच मेसेज येतो की मॅडम बाकी जमतं पण ते रिफ्लेक्सिव्ह व्हर्ब्ज, म्हणजे ‘सी’वाली क्रियापदं, डोक्यात बसत नाहीत, काळ बदलला की गोंधळ होतो. म्हणून आज फक्त तेवढंच घेऊया.

आधी माझं सांगते. बोलोन्यात पहिल्या हिवाळ्यात मी एका आजींच्या घरात खोली घेऊन राहायचे. एकदा सकाळी स्वयंपाकघरात त्यांनी विचारलं किती वाजता उठलीस, तर मी म्हटलं, “ओ झ्वेल्यातो आल्ले सेइ.” त्या कॉफीचं भांडं हातात धरून थांबल्या आणि म्हणाल्या, “की आइ झ्वेल्यातो?” म्हणजे कुणाला उठवलंस? घरात आम्ही दोघीच. मी बोलले होते “सहा वाजता उठवलं”. म्हणायला हवं होतं “मी सोनो झ्वेल्याता आल्ले सेइ”, सहा वाजता उठले. त्या प्रश्नाने मला जे कळलं ते आधीच्या वर्षभरात पुस्तकातून कळलं नव्हतं, कारण पुस्तक इंग्लिशमधलं होतं आणि त्यात लिहिलेलं असायचं की रिफ्लेक्सिव्ह म्हणजे क्रिया स्वतःवरच होते, आय वॉश मायसेल्फ. आता मला सांगा, सकाळी कोण स्वतःला उठवतं? आपण उठतो.

मराठीत बघा. उठणे आणि उठवणे, बसणे आणि बसवणे, चिडणे आणि चिडवणे. आपण मूळ साधं क्रियापद घेतो आणि दुसऱ्यावर करायचं असलं की ‘वणे’ लावतो. इटालियन उलट्या बाजूने येतं, त्यांचं मूळ क्रियापद बऱ्याचदा दुसऱ्यावर करण्याचं असतं, आल्त्सारे म्हणजे उचलणे, झ्वेल्यारे म्हणजे जागं करणे, आद्दोर्मेंतारे म्हणजे झोपवणे, आणि ते आपलं आपल्यापाशी ठेवायचं असलं की शेवटचा ए काढून सी जोडतात, आल्त्सार्सी म्हणजे उठणे, झ्वेल्यार्सी म्हणजे जागं होणे, आद्दोर्मेंतार्सी म्हणजे झोपी जाणे. म्हणजे जे काम आपला ‘वणे’ करतो तेच काम त्यांचा ‘सी’ उलट दिशेने करतो. ‘स्वतःला’ हा शब्द डोक्यातून काढून टाका, निम्मं दुखणं तिथंच जाईल. (आणि हो, आल्त्सार्सीमधला त्स म्हणजे आपल्या चाकातला च, चहातला नाही. हिंदीवाल्या मित्रांना तो शिकावा लागतो, आपल्याला फुकट मिळालाय.)

आता वर्तमानकाळ, तो पटकन करू, मी-तू-तो-आम्ही-तुम्ही-ते या क्रमाने, आणि तसा सीही बदलत जातो. मी आल्त्सो, ती आल्त्सी, सी आल्त्सा, ची आल्त्स्यामो, वी आल्त्साते, सी आल्त्सानो. शेवटच्यात जोर पहिल्या ‘आल्’वर आहे, मधल्या ‘त्सा’वर नाही. इथं मराठी कानाला एक सापळा आहे. ‘मी आल्त्सो’ म्हणजे मी उठतो, छान जुळतं, म्हणून आपल्याला वाटतं की हा ‘मी’ आपलाच मी आहे. नाहीये. त्यांचा मी म्हणजे मला, कर्ता तर ‘इयो’ आहे आणि तो बहुतेक वेळा बोलतच नाहीत. आणि लगेच पुढे ‘ती आल्त्सी’ आलं की मराठी मुलं ऐकतात ‘ती उठते’, आणि अर्थ असतो ‘तू उठतोस’. गेल्या बॅचमध्ये एका मुलीला मी विचारलं “आ के ओरा ती आल्त्सी?”, म्हणजे तू किती वाजता उठतेस, तर ती शेजारणीकडे बघायला लागली. पहिले दोन आठवडे हे मुद्दाम घोकायचं, ती म्हणजे तुला, ती म्हणजे तुला.

आता येते आपल्या फायद्याची जागा, इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे. सगळे घाबरतात ते जोडकाळांना, म्हणजे ज्यात सहायक क्रियापद लागतं. इटालियनमध्ये सहायक दोन, आवेरे, म्हणजे ‘जवळ असणे’, आणि एस्सेरे, आणि नियम असा की सी असेल तिथं कायम एस्सेरे, म्हणजे ‘असणे’. आता मराठी क्रियापदाला असणे लावून बघा, मी एकेक म्हणते तुम्ही कानाने ताडून बघा. उठला आहे, सी ए आल्त्सातो. उठला होता, सी एरा आल्त्सातो. उठला असेल, सी सारा आल्त्सातो. उठला असावा, सी सिया आल्त्सातो. उठला असता, सी सारेब्बे आल्त्सातो. आहे, होता, असेल, असावा, असता. ए, एरा, सारा, सिया, सारेब्बे. इंग्लिशमधून शिकताना ही पाच वेगवेगळी प्रकरणं होतात, प्रत्येकाला नाव, प्रत्येकाचा तक्ता, आणि आपल्या तोंडात ती लहानपणापासून एका रांगेत बसलेली आहेत.

आणि नुसते शब्द नाही, वापरही बऱ्याचदा तोच. मित्र रात्री फोन उचलत नाही, आपण म्हणतो “झोपला असेल”. भविष्यकाळ आहे का तो? नाही, अंदाज आहे. इटालियन माणूस तेच म्हणतो, “सी सारा आद्दोर्मेंतातो”, भविष्याचं रूप घालून झालेल्या गोष्टीचा अंदाज. हे मी कुणाला समजावायला गेले तर मराठी मुलांना एक मिनिट लागतं, बाकीच्यांना तासभर.

पुढे लिंग-वचन. एस्सेरे आला की त्याच्यानंतरचं रूप कर्त्याप्रमाणे बदलतं, आल्त्सातो, आल्त्साता, आल्त्साती, आल्त्साते. उठला, उठली, उठले, उठल्या. बाई असाल तर मी सोनो आल्त्साता, पुरुष असाल तर आल्त्सातो, बायकांचा घोळका असेल तर ची स्यामो आल्त्साते, आणि त्यात एकही पुरुष आला की आल्त्साती. आपल्याकडे नपुंसकलिंग आहे म्हणून “मुलं उठली” असं म्हणून सुटका होते, त्यांच्याकडे तिसरं लिंग नाही.

आणि आवेरेचं काय? ते आपल्या ‘ने’सारखं आहे. ती उठली, पण तिने भावाला उठवलं. दुसऱ्या वाक्यात क्रियापदाने तिच्याशी जुळवून घेणं सोडलं, बरोबर? सी ए झ्वेल्याता, ती उठली, आणि आ झ्वेल्यातो इल फ्रातेल्लो, तिने भावाला उठवलं, इथं पण ‘झ्वेल्यातो’ तिच्याप्रमाणे बदलत नाही. मराठीत जिथं ‘ने’ येतो तिथं बहुतेक आवेरे, जिथं येत नाही तिथं बहुतेक एस्सेरे. बहुतेक म्हणाले, कारण काही ठिकाणी हे आपल्याला फसवतं.

त्यातलं एक ठिकाण म्हणजे हात धुणे. तिने हात धुतले, ने आहे, म्हणून तुम्ही म्हणाल आवेरे, आ लावातो ले मानी. चूक. इटालियन म्हणणार “सी ए लावाता ले मानी”, कारण सी आहे आणि सी असला की एस्सेरे, हा नियम हात असोत की केस असोत सुटत नाही. बरं इथं एक चांगली गोष्ट पण बघा, ते ‘माझे हात’ म्हणत नाहीत, आपणही म्हणत नाही, “जेवायच्या आधी मी माझे हात धुतले” असं घरात कोण बोलतं, हात धुतले एवढंच बोलतो. इंग्लिशमधून विचार करणारी मुलं मात्र ‘ले मिये मानी’ करून बसतात. आणि हाताऐवजी सर्वनाम आलं, म्हणजे ‘धुतले की!’ असं म्हणायचं झालं, तर “मे ले सोनो लावाते”. मी बाई असो वा पुरुष, आता रूप हातांप्रमाणे, आणि हात त्यांच्याकडे स्त्रीलिंगी अनेकवचनी म्हणून लावाते. अगदी आपलं ‘धुतले’, जे हाताशी जुळतं, माझ्याशी नाही.

हा हातवाला सी समजायला मराठीतली आणखी एक चावी आहे, ‘घेणे’. हात धुऊन घे, जेवून घे, एवढं दूध पिऊन घे. जे आपण आपल्यासाठी करतो त्याला घेणे, दुसऱ्यासाठी करतो त्याला देणे. इटालियन लोक घरगुती बोलण्यात म्हणतात “मी सोनो मांजाता ऊना पित्सा”, अख्खा पिझ्झा खाऊन घेतला, मजेत, आपल्यासाठी. नुसतं “ओ मांजातो ऊना पित्सा” ही माहिती झाली. सी घातला की त्यात जिवाची हौस येते. मला हा वापर सगळ्यात लाडका आहे, आणि परीक्षेच्या पुस्तकात तो फार कमी भेटतो.

आता विध्यर्थ, ज्याला ते कोंजुंतीवो म्हणतात. “तू उठावंस असं मला वाटतं”, वोल्यो के तू ती आल्त्सी. तू म्हणजे तूच, हा एक शब्द खरंच सारखा निघाला. एकवचनात तिन्ही पुरुषांना रूप एकच, आल्त्सी, आल्त्सी, आल्त्सी, त्यामुळे कोण उठायचंय ते फक्त मी, ती, सी वरून कळतं, म्हणून ते छोटे शब्द गिळू नका. आणि हेच रूप मानाने बोलायला लागतं. “आपण बसावं”, सी आक्कोमोदी. ही विनंती आपण पण ‘आवं’ने करतो आणि ते पण कोंजुंतीवोने करतात. दवाखान्यात, बँकेत, प्रोफेसरच्या केबिनमध्ये हेच ऐकू येईल. मित्राला मात्र आल्त्साती, ऊठ. सगळ्यांना आल्त्सातेवी, उठा. आल्त्स्यामोची, उठूया. इथं सी-मंडळी मागे जाऊन चिकटतात पण जोर जागचा हलत नाही, मित्राला म्हणताना जोर ‘आल्’वर, आणि तोच जोर ‘त्सा’वर गेला तर झालं ‘उठले’, मघाचं अनेकवचन. लिहिताना दोन्ही सारखंच दिसतं.

जर-तरमध्ये एक सावधगिरी. “लवकर उठले असते तर वेळेवर पोचले असते”, आपण दोन्हीकडे असते. त्यांच्याकडे जरच्या बाजूला वेगळं आणि तरच्या बाजूला वेगळं: से मी फोस्सी आल्त्साता प्रेस्तो, सारेइ आर्रिवाता इन तेंपो. ‘से’नंतर सारेइ लावायचं नाही. इटलीतल्या लहान मुलांकडून पण ही चूक होते आणि शाळेत ती फार टोकतात, त्यामुळे तुमच्याकडून झाली तर लगेच कानात जाते.

मी आल्त्साई, सी आल्त्सो असा एक जुना भूतकाळ आहे, त्यात सहायक नाही आणि लिंगही नाही. कथा-कादंबऱ्यांत भरपूर, बोलण्यात सिसिलीकडे आणि तोस्कानात ऐकाल, उत्तरेत जवळजवळ नाहीच. मिलानला जाणाऱ्यांनी वाचता आला की पुरे.

एक गोष्ट रस्त्यावरची. खोली शोधताना दारांवर पाट्या दिसतील, ‘आफीत्तासी’, भाड्याने देणे आहे, ‘वेंदेसी’, विकणे आहे. हाही सी, पण यात कुणी कर्ता नाही, आपल्या ‘देणे आहे’सारखा. आजच्या बोलण्यात तो सी पुढे येतो, सी आफीत्ता, पण पाटीवर जुनी पद्धत टिकून राहिलीय. आणि असा बिनकर्त्याचा सी रिफ्लेक्सिव्हवर आला की दोन सी शेजारी यायला नकोत म्हणून पहिल्याचा ‘ची’ होतो: क्वी ची सी आल्त्सा प्रेस्तो, इथं लवकर उठतात.

मागून प्रश्न आला होता ‘आंदार्सेने’चा. आंदारे म्हणजे जाणे, आंदार्सेने म्हणजे निघून जाणे, जिथं होतो ते सोडून. त्यातला ‘ने’ म्हणजे ‘तिथून’, आपला तृतीयेचा नाही. त्याच्यापुढे मीचा मे होतो, सीचा से होतो. मे ने वादो, निघते मी. वात्तेने, चालता हो, हे ऐकून ठेवा, वापरू नका. आणि से ने आंदाता, जे लिहिताना से, न, ए असं तुटतं: से म्हणजे आपली आपण, न म्हणजे इथून, ए म्हणजे आहे, आंदाता म्हणजे गेली. निघून गेली आहे.