टोमॅटोचे लहान डबे

नमस्कार मंडळी. आज ‘द बेअर’ या सिरीयलबद्दल बोलायचंय. बऱ्याच जणांनी हॉटस्टारवर पाहिली असेल, ज्यांनी नाही पाहिली त्यांना आधीच सांगते की मी गोष्ट फोडणार आहे, कारण ती न फोडता मला जे म्हणायचंय ते म्हणताच येणार नाही. मी काही समीक्षक नाही. माझी तीस वर्षं खानावळीत गेली, तीही सासरच्या, मिरजेत. म्हणजे बाहेरून आलेल्या माणसाच्या हाती घरचा धंदा येतो तेव्हा काय होतं ते मी आधी जगले आणि मग टीव्हीवर पाहिलं.

गोष्ट थोडक्यात अशी. कार्मी बर्झाटो नावाचा तरुण शेफ, जेरेमी अ‍ॅलन व्हाइटने केलाय, न्यूयॉर्कच्या मोठ्या रेस्टॉरंटमध्ये काम केलेला, बक्षिसं मिळवलेला. त्याचा थोरला भाऊ मायकी शिकागोत घरचं सँडविचचं दुकान चालवतो, ‘द ओरिजिनल बीफ ऑफ शिकागोलँड’. मायकी आत्महत्या करतो आणि मृत्युपत्रात दुकान धाकट्याच्या नावावर करून जातो. त्याबरोबर थकलेले टॅक्स, जिमीकाकाचं तीन लाख डॉलरचं कर्ज, मोडकळीला आलेली उपकरणं, आणि मायकीवर जीव असलेली पाच-सहा माणसं, जी या नव्या मालकाकडे ‘हा कोण आलाय’ अशा नजरेने बघतात. ख्रिस्तोफर स्टोररने ही सिरीयल बनवली, पहिला सीझन २०२२च्या जूनमध्ये आला, आठच एपिसोड होते.

हे दुकान हवेतून काढलेलं नाही. शिकागोत ऑर्लीन्स स्ट्रीटवर ‘मिस्टर बीफ’ म्हणून खरं दुकान आहे, पहिला एपिसोड तिथे शूट झाला आणि मग तसाच्या तसा सेट उभारला. स्टोरर आणि त्या दुकानाच्या मालकाचा मुलगा जुने दोस्त. ते मालक, जोसेफ झुकेरो, २०२३ साली गेले, मुलगा ख्रिस सिरीयलमध्ये एका छोट्या भूमिकेत दिसतो. म्हणजे पडद्यावर वारशाची गोष्ट चालू होती आणि पडद्यामागे खरा वारसा हातात येत होता, हे कळल्यापासून मला ते दुकान पडद्यावर दिसलं की वेगळंच वाटतं.

आता ते सँडविच काय आहे हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. इटालियन बीफ. इथे बसलेल्यांपैकी अनेक जण ते खाणार नाहीत, पण त्यामागचा हिशेब खानावळवाल्याला लगेच कळेल. शिकागोत कत्तलखान्यांचा मोठा धंदा होता, इटलीहून आलेले कष्टकरी लोक, त्यांच्या वाट्याला स्वस्तातलं चिवट मांस यायचं. मग ते मसाल्यात हळूहळू शिजवायचं, कागदासारखं पातळ कापायचं म्हणजे थोडक्यात जास्त माणसं जेवतात, आणि पावात भरून त्याच्याच रश्शात बुडवायचं. ऑर्डर देताना ड्राय, वेट की डिप्ड ते सांगायचं, वर गोड मिरची की तिखट जार्डिनिएरा, म्हणजे तेलात मुरलेल्या भाज्यांचं लोणचंच म्हणा. ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या शुक्रवारी त्याच दुकानांत मिरची-अंड्याचं सँडविच मिळतं. स्वस्त वस्तूला वेळ आणि रस्सा देऊन पोटभरीचं करायचं, आपल्याकडे दुसरं काय करतात?

तर कार्मी. नाव बर्झाटो, रक्त त्या घरचं, पण या किचनमध्ये तो पूर्ण उपरा आहे. आणि का उपरा आहे हे आपल्याला उशिरा कळतं, ते मला फार आवडलं. त्याला लहानपणापासून मायकीबरोबर इथेच काम करायचं होतं, मायकीने त्याला आत येऊच दिलं नाही. का नाही दिलं ते कधी धड सांगितलं नाही. मग हा इरेला पेटला, जगातल्या भारी भारी किचनमध्ये राबला, एवढ्यासाठी की कधीतरी भाऊ म्हणेल, ये. आठव्या एपिसोडमध्ये तो अनोळखी लोकांसमोर खुर्चीत बसून कितीतरी मिनिटं एकटा बोलतो, कॅमेरा त्याच्या तोंडावरून हलत नाही, आणि त्यातून हे सगळं बाहेर येतं. म्हणजे ज्या दारातून आत यायची आयुष्यभर वाट बघितली त्या दाराची किल्ली मिळाली, पण ज्याने उघडायचं तो आता नाही.

आणि दुसरीकडे रिची बघा. सगळे त्याला ‘कझिन’ म्हणतात, तोही सगळ्यांना कझिन म्हणतो, पण रक्ताचं नातं काहीच नाही, तो मायकीचा जिगरी दोस्त. गल्ल्यावर तो, गिऱ्हाइकांशी भांडणारा तो, मायकी गेल्यावर दुकान उघडं ठेवणारा तो, आणि कागदावर त्याचं नाव नाही. पहिल्यांदा पाहताना तो सतत ओरडतो म्हणून मला नकोसा झाला होता. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा कळलं की हा माणूस सुतकात आहे आणि त्याला कुणी सुतकी मानलेलंच नाही, कारण तो घरचा नाही.

तिसरी सिडनी. अयो एडेबिरीने केलीय. ही तर सगळ्याच अर्थाने बाहेरची. वडिलांबरोबर लहानपणी या दुकानात सँडविच खायला यायची तेवढंच नातं. चांगलं शिकलेली, स्वतःचा केटरिंगचा धंदा बुडालेला, ती कार्मीचं नाव ऐकून येते. कार्मी तिला सांगतो, इथे ब्रिगेड पद्धत लाव. ही फ्रेंच पद्धत, प्रत्येकाचं ठरलेलं ठिकाण, प्रत्येकाचं ठरलेलं काम, आणि सगळ्यांनी एकमेकांना ‘शेफ’ म्हणायचं. आता वर्षानुवर्षं तिथे काम करणारी टीना, तिला काल आलेली पोरगी शिकवणार? टीना सरळ स्पॅनिशमध्ये सुरू करते, मला इंग्लिश येत नाही म्हणते, आणि येत असतं चांगलं.

तो सीन लागला आणि मी टीव्ही बंद करून जरा बसले. मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्याकडे हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा होता आणि सासूबाईंच्या खानावळीत भाकऱ्या करायला एक आक्का होत्या, माझ्या नवऱ्याच्या जन्माआधीपासून. मी पहिल्याच आठवड्यात वही काढली, पीठ किती, मीठ किती, कांदा-लसूण मसाला एका भगोण्याला किती चमचे, लिहून घेते म्हटलं. आक्का माझ्याकडे बघायच्याच नाहीत, आणि उत्तर द्यायच्या ते कानडीत. मला कानडीचं ओ की ठो कळत नव्हतं. मिरजेत बाजारात मराठी घासाघीस करणारी बाई, माझ्याशी कानडी. सासूबाई गल्ल्यावर बसून ऐकायच्या, एक शब्द बोलायच्या नाहीत. दीड-दोन महिने हे चाललं. मग एक दिवस दुपारच्या गर्दीत आक्कांचा हात तव्यावर भाजला, मी काही न बोलता परातीपाशी बसले आणि भाकऱ्या बडवायला लागले. पहिल्या चार फाटल्या. आक्का हाताला तूप लावून शेजारी बसल्या होत्या, पाचव्या भाकरीला म्हणाल्या, ‘काठाला दाब दे गं.’ मराठीत. वही त्यानंतर मी काढली नाही, विचारत गेले, त्या सांगत गेल्या.

सिडनी आणि टीनाचंही असंच होतं. मॅश्ड पोटॅटो. टीनाने केलेला तो बटाटा सिडनी चाखते आणि मनापासून सांगते की छान झालाय, आणि टीनाचा चेहरा कसा खुलतो तो बघा, लीझा कोलोन-झायासने तिथे एक शब्द न बोलता जे केलंय त्याला तोड नाही. तिला २०२४मध्ये एमी, म्हणजे अमेरिकेतलं टीव्हीचं मोठं बक्षीस, मिळालं, विनोदी मालिकेतल्या सहायक अभिनेत्रीचं, ते मिळवणारी ती पहिली लॅटिना. पुढे सिडनी तिला विचारते, माझी सू शेफ, म्हणजे किचनमधला उजवा हात, होशील का, आणि टीना तिला मिठीच मारते.

आता मुख्य गोष्टीकडे येते, ज्यासाठी मी हा विषय घेतला. स्पगेटी. दुकानात मायकीच्या वेळची स्पगेटी चालायची, लोकांना ती हवी असायची. कार्मी येतो आणि मेनूवरून ती काढून टाकतो. रिची भांडतो, स्पगेटी ठेव, कार्मी ऐकत नाही. त्याच्या नजरेत ती साधी, वेळखाऊ, त्याच्या दर्जाची नाही. इकडे मायकीने एक चिठ्ठी मागे ठेवलेली असते, ती रिचीला सापडते आणि सीझन संपता संपता तो ती कार्मीला देतो. एका बाजूला प्रेमाचे दोन शब्द, दुसऱ्या बाजूला घरच्या स्पगेटीची कृती, आणि त्यात एक ओळ की लहान डब्यातल्या टोमॅटोला चव जास्त असते. कार्मी सगळं विसरून ती स्पगेटी करायला घेतो, टोमॅटोचा लहान डबा फोडतो, आणि आत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या नोटा. मग दुसरा डबा. तिसरा. सगळे जमिनीवर बसून सॉसमध्ये हात घालून पैसे काढताहेत.

त्या नोटा पहिल्या दिवसापासून तिथेच होत्या बरं का. फळीवर, डोळ्यासमोर. पैशांपायी तो रात्ररात्र जागत होता, आणि जो पदार्थ त्याने हलका समजून काढून टाकला त्याच्याच डब्यात ते बंद होते. लोक म्हणतात हे फिल्मी झालं, एवढे पैसे डब्यात कसे सील केले वगैरे. मला तो आक्षेप मान्य नाही. सासूबाई गेल्या तेव्हा आम्हाला त्यांच्या मसाल्याच्या बरणीत तळाशी चांदीची दोन नाणी सापडली होती, आणि ती फक्त मसाला स्वतः संपवणाऱ्यालाच सापडली असती. आयता मसाला आणायला लागलो असतो तर ती बरणी तशीच माळ्यावर गेली असती.

सातव्या एपिसोडबद्दल बोलायलाच हवं. वीस मिनिटांचा, जवळजवळ सगळा एकाच शॉटमध्ये. सिडनीकडून ऑनलाइन प्री-ऑर्डरचा पर्याय चालू राहिलेला असतो, आणि दुकान उघडायच्या आधी प्रिंटरमधून ऑर्डरच्या चिठ्ठ्या यायला लागतात त्या थांबतच नाहीत. त्यात कार्मी फुटतो, सगळ्यांवर ओरडतो, बेकिंग बघणाऱ्या मार्कसने कित्येक दिवस खपून केलेला डोनट उडवून जमिनीवर फेकतो. सिडनी नोकरी सोडून जाते, मार्कस पण निघून जातो. न्यूयॉर्कमध्ये कार्मीच्या वरचा शेफ त्याच्या कानाशी लागून जे विष ओतायचा तेच आता कार्मीच्या तोंडून बाहेर पडतंय. तर वारसा असाही असतो, तो दोन ठिकाणांहून येतो, घरातून आणि जिथे काम शिकलो तिथून, आणि दुसऱ्याकडे कुणी बघत नाही. आपल्याकडच्या किती किचनमध्ये पोरांना पळीने मारतात, आणि मारणारा म्हणतो, मी पण असाच शिकलो. मला हे बघवत नाही, तेव्हाही बघवत नव्हतं.

दुसऱ्या सीझनमध्ये जुनं दुकान पाडून नवं रेस्टॉरंट उभं राहतं आणि माणसं शिकायला बाहेर जातात, टीना आणि दुकानातला जुना कुक इब्राहिम कुकिंग स्कूलमध्ये, मार्कस कोपनहेगनला. रिचीला एका अतिशय उच्च दर्जाच्या रेस्टॉरंटमध्ये आठवडाभर पाठवतात, आणि काम काय तर काटे पुसायचे. फक्त काटे. त्याला वाटतं आपल्याला कटवलंय. पण तिथे गिऱ्हाईक बोलता बोलता म्हणतं की शिकागोत आलो आणि इथला डीप-डिश पिझ्झा राहूनच गेला, ते कुणीतरी ऐकतं, आणि रिची धावत जाऊन तो पिझ्झा घेऊन येतो आणि किचन तो त्यांच्या पद्धतीने सजवून टेबलावर पाठवतं. शेवटी तिथली मुख्य शेफ, ऑलिव्हिया कोलमनने केलेली, एकटी उभी राहून मशरूम सोलताना त्याला दिसते. हे काम तुम्ही का करता, विचारतो. ती सांगते की खाणाऱ्याला कळतं कुणीतरी यावर वेळ घालवलाय. तोही तिच्या शेजारी उभा राहून सोलायला लागतो. तो एपिसोड मी चार वेळा पाहिलाय. पंचेचाळिशीच्या माणसाला कुणी नव्याने शिकवलं तर तो किती सरळ उभा राहतो!

ही कॉमेडी आहे की ड्रामा यावर अमेरिकेत पुष्कळ वाद झाला, कारण एमी विनोदी मालिका म्हणून मिळाली आणि २०२४च्या सप्टेंबरमध्ये एका वर्षात अकरा मिळाली, तेव्हा कुठल्याही कॉमेडीसाठी तो विक्रम होता. मला या वादात रस नाही. किचनमध्ये काम केलेल्याला माहीत असतं, सगळ्यात जास्त हसू सगळ्यात वाईट दिवशीच येतं.

चौथ्या सीझनचा शेवट सांगते आणि थांबते. रेस्टॉरंटच्या मागच्या बाजूला, कचऱ्याच्या डब्यांपाशी, कार्मी सिडनीला सांगतो की मी बाजूला होतोय, भागीदारीच्या करारातून माझं नाव काढतोय, हे आता तुझं. ती भडकते, रडते. बहीण शुगर आहे, जिमीकाका आहे, पण चालवणार सिडनी. मग रिची बाहेर येतो, आधी वाटतं आता हे दोघे मारामारी करणार, आणि दोघे प्रथमच मायकीबद्दल सरळ बोलतात. कार्मी कबूल करतो की मायकीच्या अंत्यविधीला तो आला होता, पण आत यायचा धीर झाला नाही, आणि रिची आत एकटाच उभा होता. हे सगळं झाल्यावर सिडनी म्हणते, ठीक आहे, पण एका अटीवर, करारात रिचीचं नाव पण पाहिजे. रिचीला पहिल्यांदा कळतच नाही ती काय म्हणतेय. बर्झाटोंचं दुकान, त्यात लहानपणी वडिलांचा हात धरून सँडविच खायला आलेली मुलगी मालकीण होतेय, आणि तीच त्याला, ज्याला सगळे इतकी वर्षं नुसतं कझिन म्हणत होते, कागदावर घेतेय. मग शुगर बाहेर येते, तिला सांगतात, ती भावाला मिठी मारते. आत किचनमध्ये, पैसे किती वेळ पुरतील ते मोजायला लावलेलं उलटं घड्याळ शून्यावर येतं.