वरोऱ्याचा कोळसा आणि आपली भुसावळ लाइन

श्रोतेहो, नमस्कार. भुसावळला पुलावरून जाताना खाली कोळशाची मालगाडी दिसली, तर जरा थांबून बघा. काळ्या कोळशावर चुन्याचे पांढरे पट्टे मारलेले असतात. ते शोभेचे नव्हेत. वाटेत कुणी कोळसा उतरवला की पट्टा मोडतो आणि चोरी लगेच ध्यानात येते. अशा एका गाडीला 58-59 डबे, जवळपास 4,000 टन माल. भुसावळजवळच्या दीपनगरच्या वीज केंद्राला अशा गाड्या सतत लागतात.

आपल्या खान्देशात केळी आहे, कापूस आहे, पण कोळसा नाही. तो विदर्भाकडून येतो. त्याच वाटेवरच्या एका लहान स्टेशनाबद्दल आज बोलायचं आहे. ते म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातलं वरोरा.

जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळहून नागपूरला पोचली 1867 साली. त्या काळी इंजिनांसाठी विलायती कोळसा बोटीनं मुंबईला उतरायचा. तो थळ घाट, म्हणजे आजचा कसारा घाट, चढवून इतक्या लांब आणायचा, म्हणजे भाव काय पडत असेल! म्हणून जोडीला लाकूड जाळायचे. सातपुड्यासारखी जंगलं हाताशी असली तरी लाकूड किती पुरणार?

अशात वर्धा नदीच्या खोऱ्यात कोळसा हाती लागला. सरकारनं वरोऱ्याला स्वतःची खाण चालवायला घेतली आणि 1870च्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे तिथवर सुमारे 70 किलोमीटरचा फाटा टाकला. नाव दिलं ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’. वाटेत हिंगणघाटचा नामी कापूस मिळत होता, प्रवासीही बसत होते. पण खरा मान कोळशाच्या वाघिणींना, म्हणजे मालडब्यांना. स्टेशनांचे इतिहास लिहिताना आपण साहेबांची नावं आणि उद्घाटनं फार घोळतो. वरोऱ्याचं स्टेशन कशावर उभं राहिलं ते मात्र जमिनीखाली बघावं लागतं.

हा कोळसा काही अव्वल नव्हता. झारखंडातल्या झरियाच्या कोळशाच्या मानानं त्यात ओलावा जास्त, धगही कमी. आणि एक खोड वाईट: ढीग फार दिवस पडून राहिला तर आतल्या आत तापतो नि आपोआप पेट घेतो. मग ढीग उपसायचा, पसरायचा, पुन्हा रचायचा. कोळसा हलक्या प्रतीचा असला की फायरमनचं फावडं जास्त वेळा चालतं आणि राखही जास्त काढावी लागते. भुसावळच्या वाफेच्या इंजिनांच्या शेडमध्ये ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

1906 मध्ये ती सरकारी खाण बंद पडली. ज्या मालासाठी फाटा टाकला तो गेला, तर स्टेशनही ओस पडायचं. पण तोवर पुढे बल्लारपूरला कोळसा निघाला होता, रूळ तिकडे वाढले आणि शेवटचं स्टेशन मधलं झालं. 1929 साली बल्लारशा (बल्लारपूरचं स्टेशन) ते काझीपेठ हा दुवा जुळला आणि दिल्ली-मद्रास गाड्या वरोऱ्यावरून धावू लागल्या. जीटी, म्हणजे ग्रँड ट्रंक एक्सप्रेस आजही याच मार्गानं जाते.

खोऱ्यातला कोळसा मात्र संपलेला नाही. वरोऱ्याच्या पुढेच माजरी जंक्शन आहे. तिथून वणीकडे फाटा फुटतो. त्या बाजूच्या खाणींतून भरलेल्या वाघिणी वर्ध्याला येऊन मुंबईच्या दिशेनं वळल्या, की अकोला, मलकापूर मागे टाकत आपल्याकडे येतात.