नदी भरलेली दिसते, मग जहाज अर्धं रिकामं का जातं?

2018 च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीत ऱ्हाइन नदीवर काउब नावाच्या ठिकाणी पाण्याची पातळी मोजली तर आली 25 सेंटीमीटर. पंचवीस फक्त! आणि तरी त्या दिवसांत काही बार्ज, म्हणजे सपाट तळाची मालवाहू जहाजं, तिथून जात होती, माल कमी घेऊन का होईना. आता गुडघाभर पण नाही एवढ्या पाण्यातून जहाज जाईलच कसं?

तर तो आकडा म्हणजे खोली नाहीच मुळी. काठावर मोजपट्टी असते तिचा शून्य आधीच कुठेतरी ठरवून ठेवलेला असतो, आणि काउबला तो शून्य जहाजाच्या वाटेच्या तळापेक्षा मीटरभर तरी वर आहे. म्हणजे पट्टीवर 25 दिसले तर मधल्या चॅनेलमध्ये सव्वा मीटरच्या वर पाणी. बातम्यांवाले हे सांगत नाहीत, नदी आटली म्हणायचं आणि मोकळं व्हायचं.

पण सव्वा मीटर तरी काय कामाचं, सांगतो. समजा 110 मीटर लांब आणि साडेअकरा मीटर रुंद मालवाहू जहाज आहे, ऱ्हाइनवर हे अगदी कॉमन आहे, अडीच-तीन हजार टन माल घेतं, म्हणजे शंभराच्या वर ट्रक. जहाज पाण्यात जेवढं बुडतं त्याला ड्राफ्ट म्हणतात. जहाज जेवढं पाणी बाजूला सारतं तेवढंच त्याचं वजन, म्हणून आता लांबी गुणिले रुंदी करा आणि फक्त 10 सेंटीमीटर ड्राफ्ट कमी करा, शंभरेक टन माल उतरवावा लागतो. फक्त 10 सेंटीमीटरला! आणि नदी बाकी सगळीकडे कितीही खोल असू दे, वाटेत जिथे सगळ्यात उथळ जागा आहे तिथलं पाणी बघूनच माल भरायचा, मधल्या ऱ्हाइनवर ती जागा म्हणजे काउब. म्हणून लोडिंग कुठेही होत असलं तरी सगळ्यांचं लक्ष काउबच्या आकड्यावर.

माल निम्मा झाला तरी क्रू तेवढाच, जहाज तेच, खेपा मात्र डबल, मग भाडं वाढणारच. ऱ्हाइनवर तर पातळी घसरली की लो वॉटर सरचार्ज लागतो, तो करारातच लिहिलेला असतो, आणि फारच खाली गेली तर माल न्यायचं बंधनच राहत नाही. 2018 ला ऱ्हाइनकाठच्या लुडविग्सहाफेनमध्ये बीएएसएफ या केमिकल कंपनीला कच्चा माल पुरेना म्हणून प्रॉडक्शन कमी करावं लागलं होतं.

मग खोदून टाका ना नदी? खोदतात की, ड्रेजिंग चालूच असतं, पण गाळाच्या नदीत आज काढला की पुढच्या पुरात परत येऊन बसतो. गंगेवर राष्ट्रीय जलमार्ग 1 आहे, हल्दिया ते प्रयागराज, 1620 किलोमीटर, तिथे ड्रेजिंगबरोबर बांबूचे आडोसे पण लावतात, बॅंडलिंग म्हणतात त्याला, प्रवाह एका पट्ट्यात ढकलला की पाणी स्वतःच तळ खरवडतं. मला तर ही आयडिया भारी वाटते, मशीन नाही, डिझेल नाही.

दुसरा उपाय लॉक. दोन दरवाज्यांमधली टाकी, जहाज आत घ्यायचं, वरचं पाणी सोडलं की जहाज वर, खाली सोडलं की खाली. ऱ्हाइन-माइन-डॅन्यूब कालवा 1992 ला पूर्ण झाला, 171 किलोमीटर, आणि त्यात जहाज समुद्रसपाटीपासून 406 मीटर उंचीपर्यंत चढतं, 16 लॉक लागतात. फक्त प्रत्येक वेळी वरचं पाणी खाली जातं, म्हणून माथ्यावर ते पंपाने चढवून आणावं लागतं, फुकट काहीच नाही.

बंदराचंही तसंच. ॲमेझॉनवर मानाउसला पाणी वर्षभरात दहा मीटरच्या आसपास वरखाली होतं, तिथे सिमेंटचा पक्का धक्का बांधला तर काही महिने जहाज धक्क्याच्या कितीतरी खाली राहील, म्हणून तिथे तरंगता धक्का आहे, पाण्याबरोबर तोही चढतो उतरतो.

आणि पाणी जास्त झालं तरी वांधाच हां, कारण वर पूल असतात. म्हणून कितीतरी नदीच्या जहाजांची स्टिअरिंगची केबिन हायड्रॉलिकवर असते, पूल आला की खाली घेतात, कॅप्टन जेमतेम बघू शकेल एवढंच डोकं वर. पूर फारच चढला तर वाहतूकच बंद करतात. क्रूझवाल्या प्रवाशांना मग बसने पुढच्या टप्प्यावर नेऊन पलीकडे थांबलेल्या दुसऱ्या जहाजात चढवतात, पाणी कमी पडलं तरी हेच करतात, तेव्हा असं तिकीट काढायच्या आधी बदलाच्या अटी नीट वाचून घ्या.