भुयार, भांडण आणि एक बोळ

मंडळी, पुण्यातल्या जुन्या वाड्यात गेलं की दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. वाडा पेशव्यांनी दिलेला, आणि तळघरातून शनिवारवाड्यापर्यंत भुयार. आमच्याही घरात दोन्ही होत्या. भुयाराचा निकाल एका दुपारी लागला. कंदील घेऊन उतरलो, तर ते धान्याचं बळद निघालं. पेशव्यांचा निकाल लागायला, म्हणजे वाड्याचा खरा इतिहास शोधायला, मात्र चार वर्षं गेली.

लोक विचारतात, पेशवे दप्तरात, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराच्या जुन्या कागदांत शोधलंत का? तिथं कोट्यवधी कागद आहेत, पण ते मुख्यतः सरकारी हिशेबाचे. कुणा पूर्वजाला इनाम, वर्षासन मिळालं असेल तर नाव सापडेल. ‘अमक्यानं ओटी बांधली’ हे सरकार कशाला लिहून ठेवील? म्हणून सुरुवात आजपासून करायची आणि मागं मागं जायचं. आधी सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक, त्यावरच्या वारसाच्या, खरेदीच्या, बोज्याच्या नोंदी. मग रजिस्ट्रारकडचं इंडेक्स-टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांची सूची. त्यापलीकडे गेलं की घरातली ट्रंक. ती असली तर नशीब. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, तेव्हा नदीकाठच्या पेठांतल्या कितीतरी ट्रंका आतल्या कागदांसकट वाहून गेल्या.

आमच्या ट्रंकेत मोडीतलं एक गहाणखत होतं. त्यावर साल आकड्यात नव्हतं, ‘सलास सबैन मया व अलफ’ असं अक्षरी होतं. ही अरबी संख्यानामं. तीन, सत्तर, शंभर आणि हजार. म्हणजे सुहूर सन ११७३. मराठेशाहीतल्या कागदांत हा सन चालायचा. त्यात जानेवारीच्या आधीची तारीख असेल तर ५९९ मिळवायचे, नंतरची असेल तर ६००, कारण हे वर्ष जानेवारीत नाही, मृगाला, म्हणजे मे-जूनच्या सुमारास बदलतं. एकूण साल १७७२-७३. मोडी वाचून देणाऱ्या गृहस्थांनी हे तोंडी केलं. मी मात्र बोटं मोजत बसलो होतो.

आणि त्या कागदात पेशवे नव्हतेच! आमच्या पूर्वजानं हे घर कर्जापायी सावकाराकडे टाकलं होतं. पुढचे कागदही तसेच. वाटणीपत्र, विधवा भावजयीच्या पोटगीचा करार, मोरी कुणाची यावरचा दावा. मला तर वाटतं, घर सुखात असतं तेव्हा एक चिठोरंही मागं ठेवत नाही. वाटणीपत्रात ‘माजघर थोरल्याकडे, आड सामाईक’ असं लिहावं लागलं, म्हणून तर मला कळलं की माजघर कुठं होतं.

घरालाही विचारायचं असतं, पण त्याच्या उत्तरावर लगेच विश्वास ठेवू नये. आमच्या छपरावर शिक्क्याची मंगळुरी कौलं आहेत. ती करण्याचा पहिला कारखाना बासेल मिशननं मंगळुरात १८६५ मध्ये काढला. तेव्हा कौलं त्यानंतरची, हे नक्की. एका इंजिनियर स्नेह्यानं त्यावरून अख्खा वाडाच इंग्रजी अमदानीतला ठरवला होता! अहो, छप्पर बदलतं. खालचे सुरूच्या झाडासारख्या घाटाचे लाकडी खांब अन् पातळ विटा पेशवाईतल्या बांधणीचं सांगत होत्या.

सगळ्यात उपयोगी पडली ती चतुःसीमा. पूर्वेस अमक्याचं घर, दक्षिणेस रस्ता, असं प्रत्येक खतात लिहिलेलं असतं. शेजाऱ्याच्या खतात तीच हद्द उलट्या बाजूनं येते. म्हणून मी शेजारच्यांचे कागद मागितले. दोघांनी दिले, एकानं चहा दिला.

त्या गहाणखतात पश्चिमेला लिहिलं होतं, ‘बोळ, पलीकडे परसू’, म्हणजे परस. आज पश्चिमेला बोळ नाही. तिथं आमचं स्वयंपाकघर आहे. मी टेप घेऊन मोजलं, भिंतीतला सांधा आत्याला दाखवला. तिनं पोळी लाटता लाटता वर पाहिलं आणि म्हणाली, “हळू बोल. खिडकी उघडी आहे, शेजारी ऐकतील.”