मनगटाची मागची बाजू

(दृश्य: वडोदरा, दांडिया बाजार. गच्च्यांवर गर्दी, आभाळभर पतंग.)

१४ जानेवारीला वडोदऱ्यात माणसं रस्त्यावर कमी आणि गच्चीवर जास्त. मराठी घरांत सकाळी तिळगूळ वाटून होतो, दुपारच्या पानात उंधियू असतो आणि संध्याकाळपर्यंत ‘काय पो छे’ ओरडून घसे बसलेले असतात. पतंग उडवणाऱ्याची नजर वर, पावलं मात्र मागे मागे. टाकीच्या पाइपाला टाच अडकते, तोल जातो आणि सावरायला हात आपोआप जमिनीवर टेकतो. अंगाचं सगळं वजन एका तळहातावर.

दुसऱ्या दिवशी वाशी उत्तरायण, म्हणजे पतंगांचा शिळा दिवस. मनगट जरासं सुजलेलं, पण बोटं हलतायत. घरचं निदान तयार: “लचकलंय रे.” आंबेहळदीचा लेप लागतो, वर कुणीतरी तेल लावून चोळूनही देतं. खरंच लचकलंय की आत हाड मोडलंय, याचा पहिला अंदाज मनगटाच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवून घेता येतो.

(दृश्य: टेबलावर पालथा ठेवलेला हात, जवळून.)

इथे मांस जवळजवळ नाहीच. मनगट आणि बोटं उचलणारे स्नायू वर, कोपराच्या बाजूला. इथून जातात त्या फक्त त्यांच्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या. घड्याळाचा पट्टा बसतो साधारण त्याच जागी एक जाड, तिरकस पडदा या कंडरांना हाडाशी धरून ठेवतो. त्याखाली सहा कप्पे, आणि त्यांत नऊ स्नायूंच्या कंडरा: अंगठ्याकडून करंगळीकडे दोन, दोन, एक, दोन, एक, एक. वैद्यकीय कॉलेजातली पोरं हे आकडे परीक्षेच्या आदल्या रात्री घोकतात. कातडी पातळ आणि सैल, त्यामुळे तळहाताच्या आत काही बिघडलं तरी सूज कित्येकदा मागच्या बाजूला दिसते.

डब्लिनचे शल्यचिकित्सक अब्राहम कॉलिस यांनी रेडियस हाडाच्या (कोपरापासून मनगटापर्यंतचं, अंगठ्याकडचं हाड) खालच्या टोकाच्या फ्रॅक्चरचं वर्णन १८१४ साली लिहिलं. एक्स-रेचा शोध लागला १८९५ मध्ये. मधली ८१ वर्षं हे फ्रॅक्चर डोळ्यांनी आणि बोटांनीच ओळखलं गेलं. वडोदऱ्यालाही हाताने हाड चाचपण्याची परंपरा आहे. व्यायामगुरू प्रोफेसर माणिकरावांच्या आखाड्यात कसरतीबरोबर हाडं बसवण्याचं कामही चालत आलं.

(दृश्य: बाह्यरुग्ण विभाग. आजींचा हात डॉक्टरांच्या हातात.)

“आजी, आधी दुसरा हात दाखवा.”

“अहो, दुखतोय तो हा!”

“कळलं. पण तुमचं चांगलं मनगट कसं आहे, ते आधी बघू द्या.”

तपासणीची सुरुवात अशीच हवी. दोन्ही मनगटं शेजारी ठेवायची आणि दुखरी जागा सगळ्यात शेवटी दाबायची. आजींच्या मनगटाला मागच्या बाजूने बाक आलेला दिसतो. हाडं ठिसूळ झालेल्या वयात असं पडल्यावर हे नेहमीचंच, आणि ते लपत नाही.

लपतं ते तरुणांमध्ये. आता तुम्हीही करून बघा. अंगठा बाजूला ताणून वर उचला. त्याच्या मुळाशी दोन उंच कंडरांच्या मध्ये एक खळगा पडतो. डॉक्टर त्याला स्नफबॉक्स, म्हणजे तपकिरीची डबी, म्हणतात. बोट हलकं टेकवलंत तर रेडियल धमनीचा ठोका लागेल. तळाशी आहे स्कॅफॉइड, मनगटाच्या आठ छोट्या हाडांपैकी एक. तळहातावर पडलेल्या तरुणाला इथे दाबल्यावर नेमकी कळ येत असेल, तर हे हाड मोडल्याचा संशय धरायचा. तळहाताच्या बाजूने त्याचा उंचवटा दाबायचा, अंगठा त्याच्या लांबीच्या दिशेने मनगटाकडे ढकलून बघायचा. तिन्हीकडे दुखलं की संशय पक्का होत जातो.

आणि एक्स-रे? पहिल्या दिवशी तो अगदी स्वच्छ येऊ शकतो. “काही नाही निघालं” म्हणत माणूस घरी जातो, आणि नेमकं इथेच नुकसान होतं. स्कॅफॉइडला बहुतेक रक्त मागच्या बाजूच्या कडेवरून मिळतं, आणि ते बोटांकडून कोपराकडे, उलट्या दिशेने वाहतं. हाड मध्ये मोडलं की कोपराकडच्या तुकड्याचं रक्त तुटू शकतं. तो तुकडा मग जुळत नाही, कधी मरूनही जातो, आणि सांध्याची झीज सुरू होते. म्हणून खळग्यात दुखत असेल तर एक्स-रे चांगला असला तरी हात बांधून ठेवायचा आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा तपासायचं. एमआरआय मिळत असेल तर उत्तर आधीच कळतं. तेल-मालिश मात्र नाही. चोळल्याने मोडलेलं हाड बसत नाही.

(दृश्य: तान्ह्या बाळाला उचलणारी आई.)

खळग्याच्या थोडं वर, कोपराच्या दिशेने, रेडियसच्या टोकावर दुखत असेल तर गोष्ट वेगळी. ती पहिल्या कप्प्याची. बाळाला काखेत हात घालून सारखं उचलणाऱ्या आयांना हे दुखणं पुष्कळ होतं. स्विस सर्जन द केर्व्हां यांनी १८९५ साली ते नोंदवलं. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वाकवायची चाचणी सगळ्यांना ठाऊक आहे, पण ती जोरात केली तर धडधाकट माणूसही कळवळतो. त्यामुळे नुसत्या तिच्यावर निदान ठोकू नये.

मनगटाच्या मध्याकडे सरकलात की रेडियसवर एक टेंगूळ लागतं. त्याला नाव आहे जोसेफ लिस्टर यांचं, जंतुनाशक शस्त्रक्रिया रूढ करणारे तेच. अंगठा उचलणारी लांब कंडरा या टेंगळाला वळसा घालून जाते. रेडियसला नुसती चीर गेली, हाड हललंही नाही, तरी काही आठवड्यांनी ही कंडरा झिजून तुटू शकते. तळहात टेबलावर सपाट ठेवून फक्त अंगठा वर उचलता येतो का, ते बघायचं. तुटलेली टोकं सहसा पुन्हा जोडता येत नाहीत. मग शल्यचिकित्सक तर्जनीच्या दोन कंडरांपैकी एक अंगठ्याला देतात. तर्जनीचं एकीवर भागतं.

टेंगळाच्या पुढे, मनगट खाली वाकवल्यावर गोल गाठ वर आली तर ती बहुधा गँगलिऑन, म्हणजे घट्ट द्रवाने भरलेली निरुपद्रवी गाठ. अंधारात टॉर्च लावली की उजेड आरपार दिसतो. जाड पुस्तक आपटून ती फोडायचा घरगुती उद्योग करू नका. ती पुन्हा भरते, हात दुखतो तो वेगळाच. त्रास नसेल तर तशीच राहू द्या, बऱ्याच गाठी आपोआप जिरतात.

शेवटी करंगळीकडचं गोल हाड, म्हणजे रेडियसच्या शेजारच्या अल्ना या हाडाचं डोकं. ते दाबल्यावर पेटीच्या पट्टीसारखं खाली जाऊन वर येत असेल, आणि दुसऱ्या हातापेक्षा जास्त हलत असेल, तर दोन हाडांमधला सांधा सैल झाला आहे. त्याच्या पुढच्या मऊ जागेत दुखलं तर आतली त्रिकोणी कूर्चा फाटली असेल. ती साध्या एक्स-रेत दिसत नाही. त्यासाठी एमआरआय लागतो, किंवा दुर्बीण घालून आत बघावं लागतं.